त्सुकिजीत एक सकाळ: टोकियोच्या मासळीबाजारात कसं फिरावं, काय खावं, काय टाळावं

आमच्या टोकियोतल्या निशी-कासाईच्या घरी भारतातून पाहुणे आले की त्सुकिजीची फेरी ठरलेली असते. पहिल्या खेपेला पुण्याच्या मावसभावाला घेऊन गेले, तो नेमका बुधवार निघाला. निम्मी शटरं खाली, उघड्या दुकानांत झाडलोट, आणि आम्ही दोघं चहाची एकेक बाटली हातात धरून रिकाम्या गल्लीत उभे. दुसऱ्या खेपेला वार बरोबर साधला, पण पोचलो दुपारी दीडला. मासे संपले होते आणि बर्फ गटारात चालला होता. तिसऱ्या खेपेपासून जमायला लागलं. पुढचं सगळं त्या आणि नंतरच्या डझनभर फेऱ्यांत शिकलेलं आहे.

आधी बाजार कुठला ते नक्की करा

"त्सुकिजीचा ट्यूना लिलाव" या नावाचे जुने व्हिडिओ अजून फिरत असतात. तो लिलाव आता तिथे होत नाही. घाऊक मासळीबाजार, म्हणजे "जोनाई" किंवा आतला बाजार, ६ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला खाडीपलीकडच्या तोयोसूत सुरू झाला. त्सुकिजीत राहिला तो "जोगाई", बाहेरचा बाजार. चिंचोळ्या गल्ल्या आणि चारशेहून अधिक दुकानं: मासे, सुकी मासळी, समुद्री शेवाळ, लोणची, चहा, सुऱ्या, कपबशा आणि खाण्याच्या टपऱ्या. आपल्याला जायचंय ते इथे.

लिलावच बघायचा असेल तर तोयोसू गाठा. युरिकामोमे लाइनवरचं शिजोमाए स्टेशन बाजाराला जोडलेलंच आहे. ट्यूनाचा लिलाव पहाटे साडेपाचला सुरू होतो. जवळच्या गॅलरीतून बघायचा तर आधी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि सोडत निघते. सोडतीत नाव नाही आलं तर वरच्या मजल्यावरच्या काचेतून बघता येतो. २०१९ च्या जानेवारीतल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, तो याच तोयोसूत. पण हाताशी एकच सकाळ असेल तर माझं मत त्सुकिजीला. काचेपलीकडचे मासे बघून भूक लागत नाही.

त्सुकिजी या शब्दाचा अर्थ भर घालून केलेली जमीन. मुंबईकराला तो समजावून सांगायची गरज पडत नाही. टोकियोचा जुना मासळीबाजार निहोनबाशीला होता. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत तो गेला, आणि १९३५ मध्ये त्सुकिजीचा मोठा बाजार उघडला. बाहेरच्या गल्ल्या त्याच्या आधाराने वाढल्या. आतला बाजार गेला तरी टोकियोतले कितीतरी हॉटेलवाले अजून सकाळी इथेच खरेदीला येतात. हे डोक्यात पक्कं ठेवा. ही आधी मंडई आहे, खाऊगल्ली नंतर.

वार आणि वेळ

रविवार सोडा. बुधवारी निघण्याआधी बाजाराच्या संकेतस्थळावरचं सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा, कारण काही बुधवारी तोयोसू बंद असतो आणि मग इथलीही बरीच दुकानं बंद राहतात. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अख्खं टोकियो नववर्षाची खरेदी करायला इथे लोटतं, तेव्हा दादरच्या फुलबाजारातली दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गर्दी आठवा. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार उत्तम.

दुकानं पहाटे पाचच्या सुमाराला उघडतात आणि दोनपर्यंत मिटतात. पाच ते नऊ हा वेळ धंदेवाल्यांचा. पर्यटकांनी नऊनंतर यावं अशी बाजाराचीच विनंती आहे. इथले नऊ म्हणजे भारतातले पहाटेचे साडेपाच, म्हणून नुकत्याच उतरलेल्या पाहुण्यांना मी लगेच नेत नाही. शरीर रुळलं की चौथ्या-पाचव्या दिवशी नेते. नऊ ते साडेदहा हा सोन्यासारखा वेळ. अकरानंतर सहलींच्या बस रिकाम्या व्हायला लागतात.

कसं जायचं, बरोबर काय घ्यायचं

हिबिया लाइनचं त्सुकिजी किंवा ओएदो लाइनचं त्सुकिजी-शिजो, दोन्ही स्टेशनं बाजाराला लागून आहेत. निशी-कासाईहून आम्ही तोझाई लाइनने कायाबाचोला उतरून हिबिया लाइन पकडतो, तिथून दुसरं स्टेशन. गिन्झात उतरला असाल तर पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचाल.

रोख पैसे हवेतच, त्यातही १०० येनची नाणी आणि १००० च्या नोटा. कार्ड घेणारी दुकानं वाढलीत, तरी टपरीवरच्या आजोबांपुढे दहा हजारांची नोट धरली की त्यांचा चेहरा आपल्या भाजीवाल्याला सकाळी पाचशेची नोट दिल्यावर होतो तसा होतो. १०० येन म्हणजे पन्नास-साठ रुपये धरा. पोटभर खायचं, पण उधळायचं नाही, असं असेल तर माणशी तीन ते पाच हजार येन पुरतात. छोटा रुमाल आणि एक रिकामी पिशवी घ्या, पिशवीची गरज पुढे कळेल. चाकांची बॅग आणू नका. गल्ल्या अरुंद, जमीन ओली, आणि मागून हातगाडी कधी येईल सांगता येत नाही.

बाजाराआधी दहा मिनिटं होंगवानजीसाठी

त्सुकिजी स्टेशनच्या १ नंबरच्या दारातून वर आलात की समोर जी इमारत दिसते ती बघून मराठी माणूस हमखास थबकतो. कार्ल्याला किंवा अजिंठ्याला दिसते तशी चैत्याची कमान, वर स्तूपासारखे घुमट, आणि सगळं टोकियोच्या मधोमध. हे त्सुकिजी होंगवानजी, बौद्ध मंदिर. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचे वास्तुविशारद इतो चूता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते भारतासह आशियाभर फिरले होते. आत जायला पैसे नाहीत. आत पाइप ऑर्गनही आहे. नऊ वाजायला वेळ असेल तर इथे बसा, मग शिन-ओहाशी रस्त्याने सरळ चालत पुढचा मोठा चौक ओलांडा. डाव्या हाताला बाजार सुरू.

वागायचं कसं

पहिली गोष्ट, चालत चालत खायचं नाही. जिथे घेतलं तिथेच, दुकानाच्या कडेला उभं राहून खायचं, आणि काडी, ताटली, कागद त्याच दुकानाच्या डब्यात टाकायचं. दुसऱ्या दुकानाच्या डब्यात टाकलेलं चालत नाही. रस्त्यावर कचराकुंडी शोधू नका, सापडणार नाही. रिकामी पिशवी त्यासाठीच. मी एकदा शिंपल्याची ताटली घेऊन चार पावलं पुढे गेले, तर मागून दुकानातली बाई धावत आली. रागावली नाही, नुसती हसली आणि दंडाला हलकंच धरून मला परत आणून तिच्या फळकुटापाशी उभं केलं.

दुसरी गोष्ट, हात लावायचा नाही. माझ्या सासूबाई मालवणच्या. मासा घ्यायचा तर आधी कल्ले उघडून बघायचे, पोट दाबायचं, हे त्यांच्या बोटांतच मुरलेलं. एका दुकानात बर्फावर मांडलेल्या बांगड्यासारख्या माशांपुढे त्या थांबल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांचा हात निघाला. दुकानदाराने दोन्ही हातांची फुली केली. सासूबाई ओशाळल्या. मग त्या माणसाने स्वतःच मासा उचलला, कल्ला उघडून त्यांच्यापुढे धरला. आत लालभडक. सासूबाईंनी मान डोलावली, त्यानेही डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण परीक्षेचा पेपर एकच होता.

तिसरी गोष्ट, घासाघीस नाही. पाटीवर लिहिलेला भाव म्हणजे भाव. "शेवटचं किती?" हा प्रश्न इथे विचारायचा नसतो. मात्र उशिरा, बारानंतर, दुकानदार स्वतःच उरलेलं एकत्र करून स्वस्त लावतात. फोटो काढण्याआधी विचारा. मासा कापणाऱ्या माणसाच्या अगदी तोंडासमोर मोबाइल धरू नका, त्याच्या हातात फूटभर लांबीची सुरी असते.

शब्द थोडेच लागतात. "सुमिमासेन" म्हणजे अहो, जरा ऐका. "कोरे हितोत्सु" म्हणजे हे एक द्या. "इकुरा देस का" म्हणजे केवढ्याला. गंमत म्हणजे साल्मन माशाच्या केशरी अंड्यांनाही "इकुरा"च म्हणतात. मावसभावाने प्रत्येक दुकानात भाव विचारला आणि एका ठिकाणी त्याच्यासमोर अंड्यांची वाटी आली.

खायचा क्रम

बहुतेक लोक इथे चुकतात. पहिल्याच टपरीवर भातावर मासे रचलेला मोठा वाडगा, म्हणजे काइसेनदोन, घेतात आणि वीस मिनिटांत पोट भरून रिकामे होतात. माझा क्रम असा: हलकं, गरम, मग कच्चं, आणि बसून खायचं सगळ्यात शेवटी. दोघांत एकच घ्यायचं.

सुरुवात तामागोयाकीने. हे अंड्याचं गोडसर ऑम्लेट काडीला टोचून मिळतं, साधारण शंभर ते दोनशे येनला. यामाचो, मारुताके ही त्यातली प्रसिद्ध दुकानं, जवळजवळच आहेत. घेण्याआधी दोन मिनिटं करणाऱ्याकडे बघा. चौकोनी तव्यांची रांग. तो एका तव्यात अंड्याचा पातळ थर ओततो, अर्धवट शिजला की लांब काड्यांनी गुंडाळून एका कडेला सरकवतो, मोकळ्या जागेत तेलाचा बोळा फिरवतो, पुढचा थर ओततो, आधीची गुंडाळी जरा उचलून नवं अंडं तिच्या खाली जाऊ देतो आणि पुन्हा गुंडाळतो. तेवढ्यात शेजारचा तवा तयार झालेला असतो. शेवटी लाकडी फळीने दाबून कडा सरळ केल्या की विटेसारखा पिवळा ठोकळा तयार. पहिला घास घेतल्यावर आपल्या जिभेला वाटतं, अंड्यात साखर कशाला? दुसऱ्या घासाला दाशीचं, म्हणजे सुकी मासळी आणि शेवाळ यांच्या जपानी रश्श्याचं, पाणी सुटतं, आणि मग कळतं.

दुसरं, भाजलेला होताते. तळहाताएवढा शिंपला, आतला गर पांढराशुभ्र आणि पेढ्याएवढा जाड. तो शिंपल्यातच जाळीवर ठेवून वर सोया सॉस आणि लोण्याचा तुकडा टाकतात, काही जण वरून गॅसच्या ज्योतीने डागतात. शिंपल्यात साठलेलं पाणी शेवटी पिऊन टाका, खरी चव त्यात आहे. हिवाळ्यात असाल तर कालवंही भाजून घ्या. कोकणातल्या कालवांच्या मानाने ही एवढी मोठी असतात की सासूबाई आधी हसल्याच. कच्ची कालवं मात्र प्रवासाच्या पहिल्या आठवड्यात मी कुणाला खाऊ देत नाही.

आता ट्यूना, म्हणजे मागुरो. आपल्या किनाऱ्यावर कुपा किंवा गेदर म्हणतात त्याचा मोठा भाऊबंद. तीन नावं पाठ करा. आकामी म्हणजे पाठीकडचा लाल, चरबी नसलेला भाग. चुतोरो मधला. ओतोरो पोटाचा, गुलाबी, तोंडात ठेवताच विरघळणारा आणि सगळ्यात महाग. एकेकाळी, बर्फाची सोय नव्हती तेव्हा, ही चरबी लवकर खराब होते म्हणून तोरोला कुणी विचारत नसे. पहिल्यांदा खाणाऱ्याने तिन्हींचा एकेक तुकडा असलेलं ताट घ्यावं आणि आकामीपासून सुरू करावं. मला स्वतःला चुतोरो आवडतो. ओतोरोचा दुसरा तुकडा जड होतो.

उनी, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या समुद्री जीवाच्या आतला पिवळा गर, हा सगळ्यात फसवा प्रकार. रस्त्याकडेला मोठ्या पाट्या लावून भरपूर पैशांना विकतात, आणि बरेच जण कडवट लागला म्हणून कायमचं नाव टाकतात. कडवटपणा बहुतेक वेळा तुरटीचा असतो. गर फुटू नये, आकार टिकावा म्हणून तो तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटी नसलेला, मिठाच्या पाण्यात ठेवलेला "एन्सुई उनी" मिळाला तरच घ्या. समुद्राच्या वाऱ्याला गोडी असती तर तशी चव.

मग बसून जेवण. सुशीच्या दुकानात बाकावर बसलात तर हाताने खाल्लं तरी चालतं. भाताचा नाही, माशाचा भाग सोया सॉसला टेकवायचा. काइसेनदोन दीड-दोन हजार येनपासून पुढे मिळतो. मी आतल्या गल्लीतली सहा-आठ बाकांची दुकानं निवडते. मुख्य रस्त्यावर फोटोंचे मोठे फलक लावलेली आणि काडीला मोठाले झिंगे टोचून ठेवलेली दुकानं दिसायला झकास असतात. तिथे तुम्ही फोटोचे पैसे देता.

ऋतू विचारायला विसरू नका. जपानी माणूस "शुन" म्हणतो, म्हणजे ज्याचा त्याचा हंगाम, आपण नारळी पौर्णिमेनंतरची मासळी म्हणतो तसा. वसंतात आणि पुन्हा शरदात कात्सुओ (ट्यूनाच्या कुळातला छोटा मासा), शरदात सान्मा, थंडीत बुरी हे मासे. उन्हाळ्यात "हामो" दिसला तर नीट बघा, ती आपली वाम आहे. तिच्यात काटे इतके की जपानी आचारी मिलिमीटरच्या अंतराने चिरा देऊन ते बारीक तोडतात.

गरोदर बाया, लहान मुलं आणि आजारपणातून उठलेल्यांनी कच्चं टाळावं. भाजलेलं भरपूर आहे. बीफ न खाणाऱ्यांनी "ग्यू" आणि "वाग्यू" हे शब्द लक्षात ठेवावेत, डुकराच्या मांसाला "बुता".

शाकाहारी पाहुणा बरोबर असेल तर

खरं सांगायचं तर त्याला इथे उपाशी ठेवायचं नसेल तर घरून खाऊन निघा. मासा दिसत नाही तिथेही दाशी असते: मिसो सूपमध्ये, तामागोयाकीत, कधी लोणच्यातही. त्यातल्या त्यात निर्धास्त म्हणजे इचिगो दाइफुकु, म्हणजे तांदळाच्या मऊ उकडीत गोड पुरण आणि अख्खी स्ट्रॉबेरी. उकडीचे मोदक खाणाऱ्याला ते परकं वाटत नाही. शिवाय माच्चा, म्हणजे जपानी हिरवा चहा, आणि कापून दिलेलं कलिंगड-खरबूज. माझी एक शाकाहारी मैत्रीण तरीही दोनदा आली, ती सुऱ्या आणि कपबशांसाठी.

पोट भरल्यावर मागच्या गल्ल्या

खरी त्सुकिजी मला इथे भेटते. कात्सुओबुशीचं दुकान वासावरून सापडतं. कात्सुओ मासा उकडून, धुरावर पुन्हा पुन्हा सुकवून तो इतका कडक होतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लाकडासारखा टणटण आवाज येतो. दुकानात यंत्रावर त्याचा कीस पाडतात, सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या भुश्श्यासारखा पण गुलाबी आणि पातळ. धुराचा, सोड्यांचा आणि जरासा गोड असा तो वास घरच्या सुकटीच्या डब्याची आठवण करून देतो. शेजारी कोंबू, म्हणजे होक्काइदोच्या समुद्रातलं रुंद शेवाळ. राउसू, रिशिरी, हिदाका ही त्याची ठिकाणांवरून पडलेली नावं.

दोन्ही घेतलंत तर घरी दाशी करून बघा. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजवायचा, मंद आचेवर उकळी येण्याआधी काढायचा, मग वीस-तीस ग्रॅम कात्सुओबुशी टाकून गॅस बंद, दोन मिनिटांनी गाळायचं. पिळायचं नाही. भारतात नेणार असाल तर कस्टमचे नियम आधी बघून घ्या.

सुऱ्यांच्या दुकानात मासे कापायची जाड देबा आणि साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांची, लांब यानागिबा असते. घरी रोज भाजी चिरायला या दोन्ही निरुपयोगी आहेत, "सांतोकु" मागा. काही दुकानं पात्यावर नाव कोरून देतात, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. विमानात सुरी केबिन बॅगेत चालत नाही, सामानात द्या.

ताजी मासळी घ्यायची असेल तर २०१६ मध्ये उघडलेल्या त्सुकिजी उओगाशी या इमारतीत जा. जुन्या आतल्या बाजारातल्या व्यापाऱ्यांची दुकानं तिथे आहेत. वरच्या मजल्यावर खायची सोय आहे आणि गच्चीवर बसायला जागा. पाय दुखायला लागलेल्या सगळ्या सासूबाईंसाठी ही माहिती.

शेवटचा थांबा

बाजाराच्या टोकाला नामियोके इनारी नावाचं छोटं देऊळ आहे. नामियोके म्हणजे लाटांपासून राखणारा. समुद्रात भर घालताना लाटा काम टिकू देत नव्हत्या, तेव्हाची ही स्थापना. आत सिंहाची दोन अवाढव्य मुंडकी आहेत. त्याहून मला आवडतात ते अंगणातले दगड. सुशीसाठी, झिंग्यांसाठी, अंड्यांसाठी वेगवेगळे स्मारकदगड, या बाजाराने मारलेल्या आणि विकलेल्या जिवांचे आभार मानायला धंदेवाल्यांनी उभारलेले. अंड्याचा दगड अंड्याच्या आकाराचा.

सासूबाईंनी तो कसला दगड आहे ते विचारून घेतलं, चप्पल काढली, हात जोडले. त्यांनी सकाळपासून तामागोयाकीच्या तीन काड्या संपवल्या होत्या. मग मागे वळून म्हणाल्या, "झिंग्याचा कुठला?"